काटा बरोबर

जुलै महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी बरोबर साडेदहा वाजता, वजनकाट्यांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावरील लांब खोलीत घरातील पाच माणसांची बैठक भरली. सहावे माणूस, ज्याच्याविषयी ही बैठक होती, ते शेजारच्या खोलीत पलंगावर पडून होते. आणि दोन्ही खोल्यांमधले दार लोटलेले असले, तरी त्या दाराला कडी नव्हती, ही गोष्ट पाचांपैकी चौघे सोयीस्करपणे विसरले होते.

पाचवी आक्का. कारखान्याचे मालक बापू, त्यांची थोरली बहीण. ती विसरली नव्हती. पण ती बोललीही नाही, आणि त्या न बोलण्याचा राग तिला पुढे दिवसभर पुरला.

एरवी महिन्याचा पहिला रविवार म्हणजे खाली कारखान्यात घरच्यांच्या वजनाचा दिवस. ही शिस्त आक्का-बापूंच्या आजोबांनी घालून दिलेली. जो काटा आपल्या माणसांना तोलत नाही तो परक्याला विकू नये, असे ते म्हणत. त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. कोणाच्याही वजनात महिन्याभरात दोन किलोंहून अधिक फरक पडला, तर आधी संशय काट्यावर घ्यायचा. वीस-वीस किलोंची प्रमाण वजने चढवून तो तपासायचा. आणि तो खरा उतरला, तर वहीत त्या आकड्यापुढे 'काटा बरोबर' असे लिहून सही करायची. एकेचाळीस वर्षे ही सही आक्काची होती. काटा नापास करण्याचा अधिकार घरात तिला एकटीला होता. तिने लाल खडूची फुली मारलेला काटा खुद्द बापूंनाही दाराबाहेर नेता येत नसे.

आज कोणाचेच वजन झाले नव्हते. वही मात्र वर आली होती. बापूंनी ती मागवली होती.

"बारापर्यंत तिचा भाऊ येईल," बापू म्हणाले. समोरच्या टेबलाच्या कडेला त्यांनी दोन्ही हात असे ठेवले होते, की जणू हलते टेबल ते धरून ठेवीत होते. "मी पत्रात स्पष्ट लिहिलंय, बहिणीला घेऊन जा. कायमची म्हणत नाही मी. तब्येत सुधारेपर्यंत. तो आला की आरडाओरडा नको. मुद्दे मांडायचे, पुराव्यानिशी. म्हणून वही."

"वही काय सांगणार त्याला?" आक्काने विचारले.

"हेच, की पोरगी उपाशी राहते. मार्चपासून जूनपर्यंत सात किलो उतरली! अंगावर मांस नाही, मग पोटात लेकरू टिकणार कसं? गेल्या वर्षी एक गेलं, नऊ दिवसांपूर्वी दुसरं गेलं. उद्या चार लोक म्हणायचे, सासरच्यांनी खायला घातलं नाही."

"कोण म्हणेल तसं? म्हणून तर बघू दे!" वहिनी उसळल्या. बापूंच्या पत्नीला आक्का वहिनीच म्हणत असे. "वन्सं, तुम्ही पाहिलंय. दोन वेळा दूध, त्यात चार-चार चमचे साखर. सकाळी फळांचा रस, दुपारी ग्लुकोजचं पाणी. पोटुशी बाई म्हणून हात आखडला नाही मी. आणि ती खायची हो! भस्म्या झाल्यासारखी खायची. ताटात काही शिल्लक नाही."

"खायची ना? मग जायचं कुठं ते?" हे बोलली वहिनींची लेक. ती परगावच्या शाळेत शिकवीत असे, काल मुद्दाम आली होती, आणि घरात सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत; ते तिच्या विद्येमुळे कमी आणि बोट नाचवून बोलण्यामुळे अधिक. "मी मे महिन्यात आले होते तेव्हा चांगली दिसत होती. मीच म्हटलं, बारीक झालीस गं, छान दिसतेस, असंच ठेव. पण माझ्या मते खरं कारण खाणं नाहीच. खाली वजनं उचलते ती! वीस किलोंची! आणि सारखी कामावरून उठून बाथरूमला. तासाला दोनदा. त्याला कामचुकारपणा म्हणतात आमच्याकडे."

"आणि बाथरूमला मुंग्या," वहिनी पुटपुटल्या. "फिनेल ओतून ओतून हात सोलले माझे. साखर सांडते कोण, देव जाणे."

आक्काने मान वर केली. तिची आयुष्यभराची विद्या एवढीच होती, की एकाच वस्तूची दोन वजने जुळली नाहीत तर तिचे मन तिथेच अडत असे. भाऊ म्हणत होता, उपाशी राहते. भावजय म्हणत होती, भस्म्या झाल्यासारखी खाते. दोघेही खरे बोलत असतील, तर हिशेब कुठे फसला?

"ओळंब्या," ती म्हणाली, "तू बोल. बायको तुझी आहे."

बापूंचा मुलगा, मास्तरीणबाईचा धाकटा भाऊ, खिडकीशी उभा होता. गवंड्याचा ओळंबा जिथे लटकवावा तिथे सरळ उभा राहतो आणि स्वतः होऊन कुठेच जात नाही. लहानपणी आक्कानेच त्याला ते नाव ठेवले होते, आणि तेव्हा सगळे पोट धरून हसले होते.

"बापू म्हणतात ते..." तो म्हणाला.

"ते काय?"

"...चार दिवस माहेरी राहिली तर बरं."

तेव्हा कडी नसलेले दार उघडले.

ओळंब्याची बायको दारात उभी होती; सगळ्यांत लहान म्हणून घरात तिला धाकटीच म्हणत. अंगावर शाल, एका हातात पाण्याची दोन लिटरची बाटली, दुसऱ्या हातात घडी केलेला कागद. ती या घरात सून म्हणून आली त्याला अडीच वर्षे झाली होती. काट्यांच्या तबकड्यांवर आकडे रंगविण्याचे काम ती करी, आणि तिच्या हातचा आकडा भिंगाखाली धरला तरी कडेने फाटलेला दिसत नसे.  

"उपाशी नव्हते मी," ती म्हणाली. "आणि चार दिवस कुठं राहायचं ते मला विचारायचं असतं. मी काय दुरुस्तीला आलेला काटा आहे, इकडून उचलून तिकडे ठेवायला?"

"सूनबाई, तू पडून राहा," बापू म्हणाले. "मोठी माणसं बोलताहेत."

"ऐकलं मी मोठ्या माणसांचं. सगळं ऐकलं. हे वाचा." तिने कागद टेबलावर टाकला. "काल आला रिपोर्ट. दवाखान्यात त्यांनी परवा रक्त घेतलं होतं. तीन महिन्यांची सरासरी साखर. अकरा पूर्णांक दोन टक्के."

कोणी कागदाला हात लावला नाही.

"किती हवी?" आक्काने विचारले.

"साडेसहाच्या वर गेली की तिला मधुमेह म्हणतात, आत्या. गर्भ राहण्याआधी ती साडेसहाच्या आत हवी. माझी अकरा." ती एकेक शब्द तोलून टाकीत होती. "म्हणून ही तहान. म्हणून बाथरूम, मास्तरीणबाई. कामचुकारपणा म्हणून नाही. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, लघवीतून साखर चालली होती. आई, तुमच्या मुंग्या. साखर कुणी सांडत नव्हतं."

वहिनींनी पदर तोंडाशी नेला.

"आपल्या घराण्यात साखर नाही कुणाला," बापू म्हणाले. "तीन पिढ्यांत नाही."

"घराणं तुमचं, बापू. रक्त माझं."

त्या घरात बापूंना असे उत्तर यापूर्वी कोणी दिले नव्हते. आणि नेमकी तेव्हाच मास्तरीणबाईला बोलण्याची दुर्बुद्धी झाली.

"पण वजनं उचलल्यानं काहीच झालं नाही असं कसं म्हणता येईल? आम्ही काय—"

"विचारलं मी डॉक्टरीणबाईंना! तेच पहिल्यांदा विचारलं, कारण नऊ रात्री मी तेच धरून बसले होते, की मी उचललं आणि माझं गेलं. त्या म्हणाल्या, वजनामुळं नाही. म्हणाल्या, बऱ्याच वेळा कारण सापडतच नाही. गर्भच मुळात नीट जुळलेला नसतो, त्यात कुणाचाच दोष नसतो. गेल्या वर्षीच्याचं काय झालं ते आता कुणी सांगू शकणार नाही. याचंही छातीठोक सांगता येत नाही. पण एवढी साखर गर्भ राहण्याआधीपासून असली, तर पहिल्या तीन महिन्यांतच तो जाण्याचा धोका कितीतरी वाढतो. आणि ही साखर आटोक्यात येते. इन्शुलिननं येते. कालपासून मी स्वतः पोटात टोचून घेतेय, त्या खोलीत, आणि तुम्ही इथं माझं सामान बांधायचं ठरवताय."

ती थांबली, बाटली तोंडाला लावली, घटाघटा पाणी प्यायली. मग नवऱ्याकडे वळली. तो अजून खिडकीशीच होता.

"आता तू सांग. गेल्या वर्षी पहिलं गेलं, तेव्हा त्यांनी तुझ्या हातात चिठ्ठी दिली होती. साखर, थायरॉइड, रक्तातलं लोह, बी-बारा, सगळं तपासून घ्या, मगच पुढचा विचार करा. कुठंय ती?"

"ड्रॉवरमध्ये," ओळंबा म्हणाला.

"कुठल्या?"

"तबकड्यांच्या साच्यांच्या."

"माझ्याच टेबलाचा ड्रॉवर!" ती हसली, ते हसू ऐकवत नव्हते. "तेरा महिने मी त्याच्यावर कोपर टेकवून आकडे रंगवले. मला म्हणालास, रक्त घेतलं होतं ना दवाखान्यात, त्यातच सगळं झालं, सगळं ठीक आहे."

"मी बापूंना दाखवली होती..."

"मीच म्हटलं नको," बापू कडाडले. "एकदा गेलं म्हणून काय लगेच दहा तपासण्या? जगात कुणाचं जात नाही? हिच्या सासूचंही गेलं होतं. तपासण्या केल्या होत्या आम्ही? पुढं दोन झालीच की!"

हे वाक्य त्यांनी भिंत म्हणून उभे केले होते. ती भिंत त्यांच्याच अंगावर पडेल असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. कारण वहिनी उठल्या. पस्तीस वर्षांत त्या नवऱ्याचे बोलणे चालू असताना उठल्या नव्हत्या.

"काय केलं होतं तुम्ही, सांगू?" त्या म्हणाल्या. "सासूबाई म्हणाल्या, पाण्याची बादली उचलली म्हणून गेलं. तुम्ही मान डोलावलीत. वन्सं, तुम्हीही होतात तिथं. मी पुढं कधी बादलीकडं पाहिलं की माझे हात कापायचे. पस्तीस वर्षं मी मनात धरलं, मीच मारलं माझं पोर, एका बादलीपायी. आणि आज हीच बादली मी या पोरीच्या डोक्यावर ओतायला बसले होते." त्या लेकीकडे वळल्या. "आणि तू गं? छान दिसतेस, असंच ठेव? शाळेत हेच शिकवतेस का?"

"आई, मला काय माहीत..."

"मलाही माहीत नव्हतं. चार-चार चमचे घातले मी तिच्या दुधात. माझ्या हातानं." आवाज फुटला, पण त्या रडल्या नाहीत, रागाने त्यांना तेवढी उसंतच दिली नाही. "पण तुम्हाला चिठ्ठी माहीत होती. तुम्हा दोघांना. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालात, आणि दोर वळायला मला बसवलंत!"

बापूंनी बहिणीकडे पाहिले. अडचणीत सापडले की ते नेहमी तिच्याकडेच पाहत. सहा वर्षांचे असल्यापासून पाहत आले होते.

"आक्का, तू तरी सांग यांना. आपण काय जाणूनबुजून केलं?"

आक्का वही उघडून बसली होती. पान जुने नव्हते, शाई ताजी होती, अक्षर तिचे. मार्च, अठ्ठावन्न पूर्णांक चार. एप्रिल, पंचावन्न पूर्णांक नऊ, काटा बरोबर. मे, त्रेपन्न पूर्णांक चार, काटा बरोबर. जून, एक्कावन्न पूर्णांक दोन, काटा बरोबर. तीन ओळी, तीन सह्या. तिन्ही वेळा तिने आजोबांचा नियम अक्षरशः पाळला होता. वजने पेटीतून काढली, रुमालाने पुसली, चढवली, सुई पाहिली, उतरवली. आणि तिन्ही वेळा ती पोरगी बाजूला उभी राहून पेटीचे झाकण धरीत होती. ओठ कोरडे, मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत असलेली.

मे महिन्यातला तो रविवार तिला आता लख्ख आठवला. सुई वीस-वीसच्या खुणेवर काटेकोर थांबली होती, आणि आक्का समाधानाने म्हणाली होती, "बघ, एका ग्रॅमची खोट नाही." तेव्हा धाकटीने विचारले होते, "आत्या, काटा बरोबर आहे, तर मग मी?"

आणि आक्का म्हणाली होती, "उतर खाली, पुढचं माणूस येऊ दे."

आकड्याने दगा दिला तर काट्याला धरावे, हा नियमाचा पहिला भाग होता. काटा खरा ठरल्यावर मग कोणाला धरावे, हे आजोबांनी सांगितले नव्हते; आणि तीन पिढ्यांत ते विचारावे असे कोणालाही वाटले नव्हते. या घराने माणसाला महिन्याच्या महिन्याला तोलले, ग्रॅमपर्यंत तोलले, आणि प्रत्येक वेळी माणसाच्या साक्षीने काट्याचा निवाडा केला.

"जाणूनबुजून नाही, बापू," ती सावकाश म्हणाली. "जाणूनबुजून केलं असतं, तर निदान एकदा तरी तिच्याकडं पाहिलं असतं."

जिन्यावर जड पावले वाजली. धाकटीचा भाऊ लांब पल्ल्याची बस चालवीत असे. रात्रभर गाडी हाकून तो तसाच आला होता, डोळे तांबडे, खांद्याला पिशवी, आणि हातात बापूंचे पत्र. त्याने कोणाला नमस्कार केला नाही. आधी बहिणीकडे पाहिले, नखशिखान्त. मग बापूंकडे.

"या, बसा," बापू म्हणाले. "पाणी घ्या. काय आहे, की पत्र लिहिलं तेव्हा परिस्थिती थोडी वेगळी..."

"पत्रात लिहिलंय, पुरावा आहे." त्याने पत्र टेबलावर ठेवले, रिपोर्टच्या शेजारी. "बहीण उपाशी राहते, ऐकत नाही, आणि तिच्या हट्टापायी दोन लेकरं गेली, याचा लेखी पुरावा आमच्याकडं आहे. दाखवा."

"आता त्याची गरज उरली नाही."

"तुम्हाला नसेल. मला आहे. तीनशे किलोमीटर याच वाक्यावर दात-ओठ खात आलोय मी."

"आक्का, वही ठेव आत," बापू म्हणाले.

आक्काने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज कारखान्यात तपासणीच्या वेळी असे तसाच होता, सपाट आणि खणखणीत. मार्च. एप्रिल. मे. जून. तिने एकही शब्द गाळला नाही, सहीसुद्धा नाही.

"हे 'काटा बरोबर' काय आहे?" चालकाने विचारले.

"वजनात दोन किलोंचा फरक आला की काटा तपासायचा, असा आमचा नियम आहे. तपासला. काटा बरोबर निघाला."

"तीनदा?"

"तीनदा."

"आणि तिला? तिला किती वेळा तपासलंत?"

 मास्तरीणबाईचे बोट प्रथमच मांडीवर मुकाट पडून होते. ओळंबा खिडकीपासून दोन पावले पुढे आला. त्या दिवसातली त्याची ती पहिलीच हालचाल.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "चिठ्ठी मी ठेवली. तू कुठं जाऊ नकोस. मी उद्याच डॉक्टरीणबाईंकडे येतो तुझ्याबरोबर."

"बापूंना विचारलंस?" धाकटीने विचारले.

त्याची नजर बापूंकडे गेली.

"जाणार आहे मी," ती म्हणाली. "तुम्ही पाठवताय म्हणून नाही. इथं मला औषध घ्यायला दाराआड बसावं लागतं, म्हणून. भावाच्या घरी चार माणसांत बसून घेईन. साखर उतरेल, तीन महिने लागोत की सहा. त्यानंतर परत यायचं की नाही, ते मी ठरवेन. तुला यायचं असेल तर ये, पण एकटा ये. बापूंचा निरोप घेऊन येऊ नकोस." मग ती दाराकडे वळता वळता थांबली. "माझ्या टेबलावर शंभर किलोंची तबकडी अर्धी राहिलीय. तिला कुणी हात लावायचा नाही."

"नाही लावणार," वहिनी म्हणाल्या. "मी बसते तिथं राखणीला. आणि पोरी, तुला आता खायला काय चालतं, ते लिहून दे मला. सगळं लिहून दे."

धाकटीने सासूकडे पाहिले. तिने मान डोलावली आणि ती आत गेली. कपाटाचे दार उघडल्याचा आवाज आला.

बापू खुर्चीवर बसले. "झालं ते झालं," ते म्हणाले, कोणालाच उद्देशून नव्हे. "आता उगाच कुणी कुणाला दोष देण्यात अर्थ नाही."

"का नाही?" चालकाचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मघापर्यंत होता की. पत्रभर होता. दोष तिचा होता तोवर अर्थ होता, आणि तुमच्या दारात आला तर अर्थ नाही?" तो आक्काकडे वळला. "बहीण सांगायची, या घरात काटा पास की नापास ते तुम्ही एकट्या ठरवता, आणि तुम्ही फुली मारली की तुमच्या भावाचंही चालत नाही. मग सांगा की. मला लेखी नको. तोंडी सांगा."

"आक्का," बापू म्हणाले. त्यात विनंती होती. तशी विनंती तिने सहा वर्षांच्या बापूनंतर ऐकली नव्हती.

आक्काने वही मिटली. कमरेच्या बटव्यातला लाल खडू काढला, क्षणभर पाहिला, आणि मिटलेल्या वहीच्या पुठ्ठ्यावर, आजोबांच्या हस्ताक्षरातल्या कारखान्याच्या नावावर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली.

"काटा पास," ती म्हणाली. "घर नापास. सही माझी."